राखेखालच्या पाच पायऱ्या

ओढा ओलांडून चढावर आलो तेव्हा ऊन तापायला लागलं होतं आणि नरसी अजून दोन कोस होती. नेमसिंगभाऊ माझ्यामागं चार पावलांवर चालत होते. पुढं राहिले तर त्यांना वाट दिसत नव्हती आणि हात धरून चालायला ते तयार नव्हते. "तुमचं पातळ पिवळं हाय, तेवढं दिसतंय," म्हणाले, "त्याच्या मागं मागं येतो."

मी दर एकादशीला नरसीला पायी जाते, नामदेव महाराजांचं दर्शन घेते आणि दुपारच्या गाडीनं परत येते. त्या फाल्गुनातल्या एकादशीला मात्र सोबत होती. नरसीत डोळ्यांचं शिबिर लागलं होतं. तिथं निवडलेल्या लोकांना जीपमध्ये घालून नांदेडला ऑपरेशनला नेणार होते. मी तांड्यावर अंगणवाडी चालवते. आदल्या दिवशी नेमसिंगभाऊंची बायको पारुबाई अंगणवाडीच्या दारात येऊन टेकली आणि म्हणाली, "पद्माबाई, माझ्या पायानं तेवढं चालणं होत न्हाई. तुमी ह्यायला तिथवर पोचवा. वाटंत बडबड करतील, करू द्या."

बडबड तांडा सुटल्यापासून चालू होती. सगळी एकाच गोष्टीची. कारखान्याच्या मागं, खड्ड्यात, राखेखाली त्यांच्या पाच फरशा होत्या आणि त्या सोडून त्यांना दवाखान्यात जावं लागत होतं.

"थांबा जरा," ते म्हणाले. बाभळीच्या सावलीत बसून पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं एक ढेकूळ काढलं. लिंबाएवढं होतं, मधून फोडलेलं. "काल त्या पाचांच्या संगतीनंच वाटीत ओतलं होतं. एक रात्र चुलीच्या राखेत ठिवलं. बघा बरं, सुया कुठवर आल्या?"

मी उन्हाला धरून बघितलं. कडेनं राखाडी होतं आणि त्या राखाडीत बारीक बारीक रेघा आत शिरत होत्या, ज्वारीच्या कणसाची कुसळं असतात तशा. मध्यभागी मात्र काळं, चकचकीत, बांगडीच्या काचेसारखं.

"अर्ध्यापर्यंत आल्यात," मी सांगितलं. "मधी काच आहे."

"बराबर." अंगठ्याच्या नखानं त्यांनी कड चाचपली. "एका रात्रीत अर्धं. जेवढा येळ भेटला तेवढंच उगवलं. त्या मोठ्याला सहा दिवस पायजे म्हंजे पायजेच. शेठला सांगून सांगून तोंड दुखलं."

नेमसिंग राठोड बत्तीस वर्षं भट्टीवर होते. आधी जालन्याला, मग एक्याण्णव साली आमच्या गावामागं ओतकामाचा कारखाना निघाला तेव्हापासून इथं. इथं पिठाच्या गिरणीची चाकं, कडबा कापायच्या यंत्राचे भाग असलं काहीबाही ओतत. भट्टीत लोखंड, दगडी कोळसा आणि चुनखडी घालतात. लोखंड वितळलं की त्याच्यातली घाण चुनखडीबरोबर वर साईसारखी येते. तिला हे लोक मळी म्हणतात. मळीसाठी भट्टीला वेगळं भोक असतं. ती लाल पाकासारखी बाहेर आली की तिच्यावर पाण्याचा पाइप सोडायचा. तडतडून तिची हिरवट काळी वाळू होते, फावड्यानं उचलून मागं फेकायची. सगळे तेच करत. नेमसिंगभाऊंनीही कितीतरी वर्षं तेच केलं.

मग पारुबाई पडली. हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तांड्याची विहीर ओढ्याच्या काठाला, खाली. उतरायला काळ्या मातीची घसरण. पारुबाई डोक्यावर हंडा घेऊन वर येताना घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं पण पाय आखूड झाला. तिच्या आधी दोघी पडल्या होत्या, त्यातली एक पोटुशी होती. ग्रामपंचायतीत अर्ज दिले. मीच लिहून दिले, तीन वेळा. सरपंच म्हणायचे, पुढच्या आराखड्यात घेऊ. आराखडा दरवर्षी यायचा, त्यात आमच्या पायऱ्या नसायच्या.

तुम्ही म्हणाल, मराठवाड्यात दगडाला काय कमी. मीही त्यांना तेच म्हटलं होतं. तर म्हणाले, "गोटे टाकून बघितले बाई. चिखलात फिरतात. त्याला घडवलेला सपाट दगड लागतो. घडवणं माझं काम न्हाई. मला ओतता येतं."

दीड हात लांब, दीड वीत रुंद, चार बोटं जाड अशी फरशी. घसरणीला नऊ लागणार होत्या. तीन वर्षं माणूस त्या नऊ फरशांच्या मागं होता.

पहिली त्यांनी साच्यात ओतून तशीच उघड्यावर ठेवली. वरून सुंदर, आरशासारखी. सकाळी डबा घेऊन कामावर गेले तर त्यांच्या डोळ्यांदेखत कुणी हात न लावता टण्णदिशी दोन तुकडे झाली. दुसरी कोळशाच्या भुकटीनं झाकली. ती टिकली दोन दिवस, मग उचलताना हातात फुटली आणि तळवा चिरला. तुकडे बघितले तर वरून बोटभर काच, आत थोडा दगड. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की जिथं ऊब जास्त वेळ राहिली तिथं दगड झालाय. लगेच थंड झालं ते काच झालं. मग त्यांनी साचाच आधी निखारे भरून तापवायला सुरुवात केली आणि राख गोळा करायला लागले.

राख म्हणजे गोवरीची. तिच्याइतकी ऊब कशातच राहत नाही म्हणायचे. पण गावातल्या बायांना ती भांडी घासायला लागते. नेमसिंगभाऊ पोतं घेऊन दारोदार फिरायचे. माझी चुलत सासू अनुसयाबाई ओट्यावर बसून त्यांची वाट बघायची, राख द्यायला नाही, बोलायला.

"नेमसिंग, लोकं जोगवा मागतात, तू राख मागून राह्यला."

"द्या की काकू, पायऱ्या करायच्यात."

"अन् मी भांडी कशानं घासू? तुझ्या मिशानं?"

"मिशा लई बारीक झाल्या आता. भट्टीनं जाळल्या."

असं बोलून शेवटी ती अर्धं टोपलं द्यायची. पण देताना पुन्हा म्हणायची, "मळीला कुणी पांघरूण घालतं का रे?" कारखान्यात शेठही तेच म्हणायचा. त्याला जागा अडते याचा राग. "वाळू करून टाक अन् मोकळा हो," एवढंच त्याचं.

तिसऱ्या खेपेची गोष्ट सांगताना नेमसिंगभाऊ वाटेतच थांबले. मळी पातळ व्हावी, साच्याच्या कोपऱ्यात नीट जावी म्हणून त्यांनी चुनखडी जास्त टाकली होती. सहा दिवस राखेत ठेवली. काढली तेव्हा पांढुरकी, सुबक फरशी. तिघांनी उचलून बैलगाडीत ठेवली. तांड्यावर येईपर्यंत गाडीत तिला भेगा पडल्या, आणि संध्याकाळपर्यंत नुसतं पीठ. हातानं धरावं तर बोटातून गळत होतं.

"काच न्हाई, दगड न्हाई. पीठ," ते म्हणाले. "सगळा तांडा बघायला आला. हिरासिंग म्हणतो, नेमसिंग, चाळणी आणू का? त्या दिवशी मला वाटलं, द्यावं सोडून."

"मग काहून नाही सोडलं?"

"पारु पाणी घेऊन येत होती."

ते पुन्हा चालायला लागले. मी पुढं झाले. उपास होता, घशाला कोरड होती. नाम घेत चालत होते.

चुनखडी कमी केली आणि चौथ्या खेपेला फरशी झाली. ती मी बघितली आहे. हातोडी मारली की देवळातल्या घंटेसारखी वाजायची. तिचा एक कोपरा त्यांनी मुद्दाम उडवला आणि अंगणवाडीत आणून मला दाखवला. आत सुयांचे गुच्छ होते, एकात एक अडकलेले, कापसाच्या वाती वळताना पेळू गुंततात तसे. "ह्या एकमेकीला धरून ठिवतात," ते म्हणाले. "काचंत धरायला काही नसतं, म्हणून ती फुटते." चौथी पास माणूस. मी आयुष्यात पहिल्यांदा दगड असा निरखून बघितला.

पहिली पायरी विहिरीच्या तोंडाशी बसली. पुढच्या सात-आठ महिन्यांत आणखी तीन. शेठ एका वेळी एकच साचा ठेवू द्यायचा, तोही मनात आला तर. कधी नवीन मजूर सवयीनं पाइप सोडायचा आणि सहा दिवसांचं काम सहा पळांत वाळू. एकदा ट्रकवाल्यानं राखेच्या ढिगावरून मागचं चाक घातलं. चार झाल्या, पाच राहिल्या.

आता जे लिहायचं आहे ते मला लिहिताना बरं वाटत नाही.

गेल्या वर्षी होळीच्या दोन दिवस आधी शेठ लग्नाला गेला होता. नेमसिंगभाऊंनी संधी साधून एका दमात चार साचे ओतले. कारखान्याच्या भिंतीबाहेर खड्डा केला, तापवला, फरशा आत उभ्या ठेवल्या आणि वर हातभर राख टाकली. गावची होळी त्याच माळावर पेटते, खड्ड्यापासून वीस पावलांवर.

धुळवडीच्या सकाळी आमच्या गावात बाया तांब्या घेऊन होळीवर पाणी घालायला जातात. रात्रभर होळीमाय भाजली, तिला गार करायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नाही. त्या सकाळी आम्ही सहा-सात जणी होतो. होळीला पाणी घातलं, हळदीकुंकू वाहिलं. आणि मला पलीकडं राखेचा दुसरा ढीग दिसला. बारीक धूर निघत होता. मला वाटलं, पोरांनी निखारे ओढून तिकडं नेलेत. मी म्हटलं, "ही पण राहिलीय की." माझ्या तांब्यात अर्धं पाणी उरलं होतं. मी ते देवाचं नाव घेऊन ओतलं.

आत काहीतरी तडकलं. वाफेचा लोट वर आला. मी मागं सरकले, तर अनुसयाबाई म्हणाली, "माय कोपली ग. अजून पाणी आणा." मग सगळ्याजणी धावल्या. हापशावरून कळशा आणल्या. आतलं तडतडणं थांबेपर्यंत आम्ही पाणी घातलं आणि हात जोडून घरी आलो.

घरी आल्यावर माझ्या मनात आलं की तो खड्डा नेमसिंगभाऊंचा असावा. मी त्यांच्या तांड्यावर काम करते, मला माहीत असायला हवं होतं. पण मी त्यांना राख मागताना बघितलं होतं, राख घालताना कधी बघितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्यांनी खड्डा उकरला. चारही फरशांचे तुकडे. ते गावात आले आणि प्रत्येक दारात उभं राहून एकच विचारलं, "पाणी कुणी टाकलं?" शिवी नाही, आरडाओरड नाही. अनुसयाबाईनं दार लावून घेतलं. माझ्या दारात आले तेव्हा मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, "मला काय ठाऊक." खोटं बोलले. देवापुढं दिवा लावणारी बाई मी, समोर बघून खोटं बोलले. नंतर वर्षभर तांड्यावर जाताना ओढा ओलांडून त्या चार पायऱ्या चढायचे आणि पाचव्या जागी चिखलात पाय घालायचे.

त्या चिखलात श्रावणात पारुबाई पुन्हा एकदा पडली. यावेळी हाड वाचलं.

त्यानंतर शेठनं साचे ठेवायला मनाई केली. यंदाच्या माघात कळलं की कारखानाच बंद होतोय. भट्टी शेवटची लागणार ती फाल्गुनातल्या दशमीला. नेमसिंगभाऊंनी शेठचे पाय धरले नाहीत, ते त्यांच्यात नाही. म्हणाले, शेवटच्या दिवसाची मजुरी नको, मळी द्या. शेठ हसला आणि हो म्हणाला. पाच साचे ओतले आणि भिंतीबाहेरच्या त्याच खड्ड्यात राखेखाली ठेवले. भट्टीवर ते अंदाजानंच काम करत होते, कारण डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. बत्तीस वर्षं त्या लालभडक तोंडात बघून दुसरं काय होणार. शिबिराचं आधीच ठरलं होतं, तारीख बदलली असती तर पुन्हा पुढच्या वर्षी. पारुबाईनं सांगितलं, पायऱ्या दिसायला डोळे लागतात, जा.

म्हणून आम्ही चालत होतो.

वाटेत एका ठिकाणी रस्त्यासाठी टेकडी कापलेली आहे, काळा खडक उघडा पडलाय. मी त्यांना सांगितलं की हा खडकसुद्धा कधीकाळी वितळलेला होता, जमिनीतून वर आला आणि थंड झाला, आम्हाला नववीच्या भूगोलात होतं. त्यांनी जवळ जाऊन खडकावर हात फिरवला, खालपासून वर, हात पुरेल तिथवर.

"किती दिवस लागले असतील?"

"ते पुस्तकात नव्हतं. हजारो वर्षं म्हणतात."

"कुणी पाणी टाकलं न्हाई त्याच्यावर," ते म्हणाले. "नशीब त्याचं."

मला राहवलं नाही. चार पावलं पुढं गेले, थांबले आणि त्यांच्याकडं न बघता सांगून टाकलं. होळीचं, तांब्याचं, खोटं बोलल्याचं, सगळं.   एक बैलगाडी आली, आम्ही कडेला झालो, गाडी गेली.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"कधीपासून?"

"उकरलं त्या दिवशीपासून. वरच्या ओल्या राखंत तुळशीचं पान होतं. तांब्यात तुळस टाकून होळी गार करणारं तुमच्या गावात एकच घर."

"मग माझ्या दारात येऊन विचारलं ते?"

"तुमी सांगता का बघत होतो."

मी कडेलाच उभी राहिले. ते पुढं आले आणि पहिल्यांदाच माझ्या बरोबरीनं उभे राहिले.

"राग आला होता," ते म्हणाले. "अजून हाय. खोटं सांगत न्हाई. पारु श्रावणात पडली त्या दिवशी लईच आला. मनात आलं, तुमच्या अंगणवाडीत येऊन चार लेकरांसमोर बोलावं. मंग वाटलं, देवाचं म्हणून केलं, माझ्या वाईटाचं म्हणून न्हाई. पण बाई, फुटायचं ते फुटलंच ना. देवाचं पाणी म्हणून ते कमी फुटलं का?"

  मी म्हटलं, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," ते म्हणाले, आणि चालायला लागले.

नरसीत शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. म्हाताऱ्यांच्या रांगा, प्रत्येकाच्या कपाळावर चिकटपट्टीवर नंबर. एका कंपाउंडरनं नेमसिंगभाऊंच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "इतका पिकेपर्यंत काय करत होते हे?" मी म्हटलं, "काम." त्यांच्याही कपाळाला पट्टी लागली. अकरा नंबर. जीप भरत आली होती. पाच-सहा दिवस ठेवून घेणार म्हणाले.

मी बोटांवर मोजलं. दशमीला ओतलं, म्हणजे सहा दिवस पुरे व्हायच्या आत पुनव आणि दुसऱ्या दिवशी धुळवड. तेव्हा ते नांदेडला डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेले असणार. त्यांनीही ते केव्हाच मोजलं होतं. जीपच्या पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले. मागची माणसं चढा चढा करत होती.

"पद्माबाई."

"बोला भाऊ."

"पारुला एवढं चालून खड्ड्यापाशी बसणं होणार न्हाई. हिरासिंगला सांगितलं तर तो हसण्यावारी नेतो. तुमी धुळवडीला सगळ्यांच्या आधी या. तांब्या आणा, होळीला पाणी घाला, तुमचं जे काय असंल ते बराबर करा. मंग खड्ड्यापाशी येऊन उभ्या राहा. अनुसयाकाकू येतील, त्यायला तुमीच अडवायचं, कारण तुमचं त्या ऐकतात. काय झालं होतं ते सांगावं लागलं तर सांगा. बायांच्या समोर सांगावं लागलं तरी सांगा."

"सांगते."

"अन् मी येईपर्यंत राख उकरून बघू नका," ते म्हणाले. "एका बोटानंबी न्हाई. तुमीसुद्धा."